रंग परत परत सुटतोय? आधी टवक्याची मागची बाजू बघा

जुन्या फियाटचा मडगार्ड, जीपचं बॉनेट, चेतकचे साइड पॅनल. उन्हाळ्यात रंग मारून आणले की दोन महिने बघत राहावंसं वाटतं. मग पावसाळा येतो, कडेला बारीक फुगवटा दिसतो, नखाने जरा उचकटलं की अख्खा टवका हातात. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे तेवढीच जागा घासायची, पुट्टी ओढायची आणि आणखी एक कोट. पुढच्या वर्षी त्याच जागेवर तेच. मालक पेंटरला बोलतो, पेंटर डब्याला बोलतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा डबा येतो.

डबा बदलून हे दुखणं क्वचितच जातं. रंग कुठल्या थरापासून सुटला हे कळल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो. ते कळायला यंत्र लागत नाही, सुटलेला टवका पुरतो. म्हणून मशीन लावून सगळं भुसकट करायच्या आधी एक चांगला मोठा टवका ब्लेडने अलगद काढा आणि उन्हात नेऊन दोन गोष्टी बघा: टवक्याच्या पाठीला काय चिकटून आलंय, आणि जागेवर काय उरलंय.

पाठ गुळगुळीत, खाली पत्रा चकचकीत

ही सगळ्यात जास्त दिसणारी तऱ्हा. प्रायमरने, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराने, पत्रा कधी धरलाच नव्हता. कारणं दोनच: पत्र्यावर तेलकट काहीतरी होतं, किंवा पत्रा इतका गुळगुळीत होता की प्रायमरला पकडायला ओरखडेच नव्हते. बऱ्याचदा दोन्ही.

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये पार्ट धुवायचे ते रॉकेलने, नाहीतर डिझेलने. ग्रीस निघतं हे खरं, पण रॉकेल-डिझेल स्वतःच तेलकट पापुद्रा मागे ठेवतात आणि तो डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाखालचा चिखल काढायला ते चालेल. रंगाआधीची शेवटची धुलाई त्याने करू नका. तीच गोष्ट स्वस्तातल्या वॉश थिनरची. रंग फवारायची गन धुवायला ठीक, पत्रा पुसायला नाही, कारण त्यात आधी काय काय विरघळलंय कुणाला माहीत.

क्रमही महत्त्वाचा आहे, आणि इथे अनुभवी माणसंही घाई करतात. आधी घासायचं आणि मग पुसायचं असं केलं, तर ग्रीस आणि जुनं पॉलिश कागदाबरोबर ओरखड्यांत जाऊन बसतं. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, नीट खळाळा, वाळवा. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा: एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं, आणि ओलं वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं. वाळू दिलं तर वर आलेली घाण परत तिथेच बसते. मग घासा, आणि घासल्यावर पुन्हा पुसा. फडकं म्हणजे धुतलेलं सुती बनियन बरं. कॉटन वेस्टमधून दोरे आणि कधी कधी तेलही येतं.

उघड्या पत्र्याला प्रायमरआधी ८० ते १८० नंबरच्या कागदाचा ओरखडा हवा. ४०० च्या वॉटर पेपरने पत्रा लख्ख करून ठेवणारे पेंटर आहेत. दिसायला काम फार सुबक, पण प्रायमरसाठी ते वाईट. बारीक कागद प्रायमरवर वापरायचा असतो.

पत्रा खरंच साफ झाला का, याची एक सोपी परीक्षा आहे. त्यावर साधं स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा पसरून राहिला तर पत्रा तयार. पाणी फाटून थेंब थेंब झालं तर तिथे अजून तेल आहे. मोठ्या कारखान्यांतही याच तत्त्वावर तपासणी होते. परीक्षा झाली की लगेच पाणी टिपून पत्रा गरम हवेने कोरडा करा, नाहीतर डोळ्यांदेखत तांबूस छटा चढते.

तीन चोर सहज निसटतात. पहिला, पेंट रिमूव्हर. ते लवकर उडून जाऊ नये म्हणून बऱ्याच रिमूव्हरमध्ये मेण घातलेलं असतं. जुना रंग सोलून निघतो आणि मेण पत्र्यावर राहतं. रिमूव्हर वापरल्यावर चांगल्या थिनरने पुसणं चुकवू नका. दुसरा, कॉम्प्रेसर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवेबरोबर तेलाचा बारीक फवारा येतो. गनमध्ये रंग न भरता पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारा. कागदावर डाग आला तर त्या कॉम्प्रेसरवर रंग नको. टाकीतलं पाणीही रोज सोडायचं. तिसरा चोर टायर आणि डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे. त्यातलं सिलिकॉन शेजारच्या गाडीवर मारलं तरी उडून तुमच्या पत्र्यावर येतं आणि ओल्या रंगात गोल डोळे पडतात. शेडमध्ये तो डबा असूच नये.

शिवाय मे महिन्यातला घाम. कपाळावरून बॉनेटवर पडलेला थेंब वाळला की मीठ तिथेच राहतं. कपाळाला रुमाल आणि हाताला नायट्राइलचे हातमोजे, दोन्ही लागतात.

पाठीला तांबडी भुकटी

म्हणजे गंजावर रंग मारला होता. इथे पेंटरपेक्षा जास्त गुन्हा असतो तो अ‍ॅसिडचा. गंज काढायला बाथरूमचं अ‍ॅसिड ओतायची पद्धत गावोगाव आहे. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. गंज झटक्यात खातं, पत्रा करडा आणि स्वच्छ दिसतो, पण क्लोराइडचे क्षार खड्ड्यांत आणि दुमडीत राहतात. क्लोराइड ओलावा खेचतं आणि रंगाच्या आत नव्याने गंज सुरू करतं. दरवाजाच्या खालच्या दुमडलेल्या कडेत ते एकदा गेलं की कितीही धुवा, पूर्ण निघत नाही. मडगार्ड, दरवाजे, डिकी यांना हे अ‍ॅसिड लावूच नका.

रस्ट कन्व्हर्टर त्यापेक्षा बरं, पण तेही नीट समजून घ्यावं लागतं. त्यात सहसा फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं आणि ते गंजाचं लोहफॉस्फेट करतं. ज्या अ‍ॅसिडला खायला गंजच मिळत नाही, ते पत्र्यावर चिकट होऊन राहतं. त्यावर इपॉक्सी (हार्डनर मिसळून पकवायचा प्रायमर) मारला तर त्यातल्या अल्कधर्मी हार्डनरला हे आम्ल मारतं आणि इपॉक्सीचा खालचा थर नीट पकत नाही. म्हणून सुटा गंज आधी तारेच्या ब्रशने काढा, कन्व्हर्टर पातळ लावा, उरलेलं धुऊन काढा, वाळवा, हलकं घासा. माझं मत विचाराल तर खड्डे खोल नसतील तिथे कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. घासून पांढरा पत्रा काढलेला केव्हाही चांगला.

व्हील रिम, ब्रॅकेट, स्प्रिंगचे शॅकल अशा जाड वस्तूंना ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने खडे मारून गंज काढणं, उत्तम. बॉनेट आणि दरवाजे मात्र ब्लास्टिंगला देऊ नका, पातळ पत्रा ताणून वाकडा होतो आणि तो सरळ करण्यात सगळी कमाई जाते. आणि नदीच्या वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्याकडे जाऊच नका. त्या धुळीने करणाऱ्याला सिलिकोसिस होतो. ब्लास्ट केलेला पार्ट उघडा ठेवायचा नसतो. जूनच्या दमट हवेत काही तासांत लाली येते. त्याच दिवशी प्रायमर.

छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या जॉबवर्कआधी सेव्हन टँक प्रोसेस करतात: ग्रीस काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, मध्ये मध्ये पाण्याच्या टाक्या. सुटे, उघडे पार्ट तिथे बिनधास्त द्या. दुहेरी पत्र्याचा दरवाजा देऊ नका, पोकळीत शिरलेलं अ‍ॅसिड तिथेच मुक्काम करतं.

टवका नाही, फोड आहेत

टाचणीने एक फोड टोचा. आत पाणी निघालं तर रंगाखाली क्षार आहेत. रंगाचा थर पाण्याला पूर्ण अडवत नाही. वाफ हळूहळू आत जाते, खालच्या क्षाराला ती हवीच असते, आणि पाणी साठून फोड वर येतो. म्हणून हे पावसाळ्यातच दिसतं.

क्षार येतो कुठून? बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातून. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, नळाची जाळी बुजते, त्याच पाण्याने आपण वॉटर पेपर मारतो आणि प्रायमर तसाच उन्हात वाळवतो. पाणी उडालं, क्षार राहिले, वर फायनल कोट. उपाय स्वस्त आहे. घासायला बोअरचं पाणी वापरा हवं तर, पण शेवटचं खळाळणं जारच्या आरओ पाण्याने करा आणि ते वाळू न देता फडक्याने टिपून घ्या. लहान पार्ट असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणखी चांगलं.

दुसरं ठिकाण पुट्टी. पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते. उघड्या पुट्टीवर वॉटर पेपर चालवायचा नाही, ती कोरडीच घासायची. पुट्टीच्या खाली इपॉक्सी प्रायमर असेल तर पत्रा तरी वाचतो.

तिसरं ठिकाण झाळकाम. फोड नेमके वेल्डिंगच्या रेषेलगत असतील तर फ्लक्स राहून गेलाय. पितळी झाळीचा टाकणखाराचा फ्लक्स काचेसारखा चिकटून राहतो, आणि डाग देताना लावलेलं झिंक क्लोराइड तर हवेतलं पाणी ओढून घेतं. झाळीनंतर गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने ती जागा धुतल्याशिवाय पुट्टीला हात लावू नका.

ठिगळाच्या आकारातच रंग जातोय

जुन्या गाड्यांच्या फ्लोअरला आणि मडगार्डला गल्लीतल्या टिनवाल्याने जीआय पत्र्याचं ठिगळ मारलेलं असतं. काही वर्षांनी रंग बरोबर त्या चौकोनात सुटतो, बाजूला शाबूत. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. त्यावर साधा सिंथेटिक एनॅमल किंवा रेड ऑक्साइड लावला की त्यातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधल्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो. म्हणजे सुरुवातीला पकडलेला रंगसुद्धा काही काळाने सुटणारच. शक्य असेल तर ठिगळ साध्या, बिनमुलाम्याच्या सीआर पत्र्याचं मारा. जीआय राहणारच असेल तर घासून इपॉक्सी किंवा जस्तासाठीचा वॉश प्रायमर लावा.

अ‍ॅल्युमिनियमचं दुखणं वेगळं. घासल्या क्षणापासून त्यावर ऑक्साइडचा थर परत धरू लागतो, म्हणून आज घासून उद्या प्रायमर असं चालत नाही. घासा, पुसा, लगेच एच प्रायमर (इंग्रजी etch, आम्ल असलेला, धातूला किंचित कोरून धरणारा) किंवा इपॉक्सी. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरायची सवय असेल तर अ‍ॅल्युमिनियमपासून दूर ठेवा. ते धातूच खातं आणि हायड्रोजन सोडतं. जुन्या दरवाज्यांची हँडलं बहुधा जस्ताच्या ओतकामाची आणि वरून क्रोम. क्रोमवर रंग टिकवायचा तर चमक पूर्ण जाईपर्यंत घासावं लागतं. खरं तर ती पुन्हा प्लेटिंगला द्या, रंगवण्यात वेळ घालवू नका.

खालचा प्रायमर जागेवर, वरचा रंग उडाला

पत्र्याचं काम चांगलं झालं, भांडण दोन थरांत आहे.

सगळ्यात मोठा आरोपी रेड ऑक्साइड. गेट आणि ग्रिलसाठी तो ठीक आहे. स्वस्त म्हणून गाडीला लावतात आणि वर पीयू, म्हणजे हार्डनरवाला पॉलीयुरेथेन रंग, मारतात. पीयूचं थिनर तिखट, ते खालच्या रेड ऑक्साइडला मऊ करतं. लगेच सुरकुत्या तरी पडतात, नाहीतर काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो. पीयूखाली दोन घटकांचा इपॉक्सी किंवा पीयू सरफेसरच हवा.

जुना रंग ठेवूनच वर मारायचं असेल तर आधी तो काय आहे ते ओळखा. गाडी चाळीस-पन्नास वर्षं चालली असेल, मध्ये कधी काळी-पिवळी म्हणून फिरली असेल, तर मधल्या काळात कुणी काय मारलं याचा पत्ता नसतो. फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन कोपऱ्यात चोळा. रंग फडक्यावर विरघळून आला तर तो ड्यूको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग. सुरकुतला, फुगला तर सिंथेटिक एनॅमल. काहीच झालं नाही तर भट्टीत भाजलेला किंवा हार्डनरवाला. पहिल्या दोन्हींवर पीयू मारायचा जुगार मी तरी खेळणार नाही, पत्र्यापर्यंत काढणं परवडतं.

एच प्रायमरवर पॉलिस्टर पुट्टी ओढू नका, त्यातल्या आम्लामुळे पुट्टी नीट पकत नाही आणि पोळीसारखी सुटून येते. एच प्रायमरवर थेट इपॉक्सीही बहुतेक कंपन्या नको म्हणतात. एच की इपॉक्सी, एक निवडा. स्टीलच्या पत्र्याला मी इपॉक्सीच सुचवेन.

मग येते वेळ. प्रत्येक दोन घटकी प्रायमरला वरचा कोट न घासता मारायची मुदत असते आणि ती डब्याच्या माहितीपत्रकात छापलेली असते. इथे गाड्या प्रायमर मारून महिनोन्महिने पडून राहतात, पगार झाला की रंग, सोयाबीन विकलं की रंग. काही हरकत नाही, पण मग तो प्रायमर ३२० ते ४०० ने एकसारखा मॅट होईपर्यंत घासला पाहिजे. दुमडीत, बिजागरीखाली, हेडलाइटच्या खळग्यात कागद पोचत नाही आणि टवका तिथूनच सुरू होतो. तिथे ग्रे स्कॉचब्राइट, म्हणजे घासायची लवचीक जाळीदार घासणी, वापरा.

प्रायमर मधूनच फाटला असेल, म्हणजे टवक्याच्या पाठीला आणि जागेवर एकाच रंगाची भुकटी, तर प्रायमरच कच्चा होता. हार्डनर अंदाजे ओतला, थिनर जास्त घातलं, किंवा गन लांब धरून कोरडा मारला. मोजायचा कप फार महाग नसतो.

हवा बघून काम

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. उन्हातल्या बॉनेटवर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर रंगाचा थेंब पोचायच्या आधीच थिनर उडतं, रंग पसरून भिजवत नाही, नुसता वर बसतो. वर वाऱ्याने काळ्या मातीची धूळ. उन्हाळ्यात सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत काम करा, थिनर स्लो घ्या, आदल्या रात्री जमिनीवर पाणी मारा.

पावसाळ्यात प्रश्न उलटा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान ३ अंशांनी जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या वर असतो, म्हणजे फरक ३ अंशांपेक्षाही कमी. पत्र्यावर न दिसणारा ओलावा असू शकतो. "पंखा लावतो ना भाऊ, वाळंल की" हे उत्तर ठरलेलं असतं. पंख्याने दमट हवा नुसती फिरते. त्याऐवजी पावसाचा खंड पडेल ते चार दिवस पकडा, आणि दुपारी पत्रा तापलेला असताना, पण सावलीत, काम उरका. साधं आर्द्रता-तापमान मापक ऑनलाइन मिळतं, घेऊन ठेवा.

हिवाळा रंगाला उत्तम म्हणतात, पण डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे पारा एका आकड्यात येतो. १० अंशांखाली बरेचसे इपॉक्सी पकायचे जवळजवळ थांबतात आणि वर दव पडतं. दहानंतर सुरू करून तीनला गन धुवा.

ऋतू कोणताही असो, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. दम्याचं दुखणं लागू शकतं आणि ते जन्मभर राहतं. बाहेरची हवा देणारा मास्क वापरणाऱ्याकडेच पीयूचं काम द्या. फार जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

मारायच्या आधी चाचणी

भंगारातला तळहाताएवढा पत्रा घ्या आणि गाडीला जे जे करणार ते सगळं त्यावर करा: तेच पाणी, तोच कागद, तेच प्रायमर, तेवढाच वेळ. आठवडाभर पकू द्या. मग नव्या ब्लेडने २ मिलिमीटरच्या अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा पत्र्यापर्यंत मारा, वर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. आयएसओ २४०९ या आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी अशीच आहे. रेघांमधलं अंतर ६० मायक्रॉनपर्यंतच्या थराला १ मिलिमीटर, ६० ते १२० ला २ मिलिमीटर. चौकोन सगळे जागेवर राहिले तर ०, सगळ्यात वाईट निकाल ५. काप एकमेकांना छेदतात तिथे अगदी बारीक कपचे उडाले तर १, तेवढं चालेल. चौकोनच निघून आले तर ते कुठल्या थरापासून सुटले ते बघा आणि वरचा त्या त्या भागातला उपाय करून दुसरा पत्रा रंगवा. पेंटर कंटाळेल. त्याला त्या पत्र्याचेही पैसे द्या.

रंग झाल्यावर पहिला महिनाभर पॉलिश-वॅक्स नको, थिनर पूर्ण बाहेर पडू द्या. आणि पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकून ठेवू नका. आत वाफ कोंडते, ताज्या रंगाला फोड येतात. झाकायचंच तर सुती चादर टाका, आणि ऊन पडलं की काढा.